श्रावण पाळणं वेगळं, सोडणं वेगळं: वजनाच्या ऑपरेशनआधी सिगरेट आणि दारू

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, वजन १३२ किलो, उंची ५ फूट ६ इंच. घर घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीत आयटी कंपनीत. मधुमेह आहे, झोपेत श्वास अडकू नये म्हणून रात्री सीपॅप मशीन लावून झोपतात. ठाण्यातल्या सर्जननी वजन उतरण्यासाठी जठर लहान करण्याचं स्लीव्ह ऑपरेशन सुचवलंय आणि सिगरेट, दारू दोन्ही किमान सहा आठवडे आधी पूर्ण बंद करायला सांगितलंय. सिगरेट दिवसाला १२ ते १५. दारू आठवड्यातून चार-पाच दिवस, दोन-तीन पेग. ते विचारतात: मित्रानं आठच दिवस आधी सिगरेट सोडली होती, त्याला काही झालं नाही, मग मला सहा आठवडे कशाला? सिगरेट सोडल्यावर वजन वाढतं म्हणतात, मग उपयोग काय? श्रावणात मी दरवर्षी महिनाभर थेंबही घेत नाही, म्हणजे मला व्यसन नाही ना? आणि ऑपरेशननंतर महिन्याभरानं थोडी-थोडी चालू केली तर चालेल का?

मी सर्जन नाही, भूलतज्ज्ञ आहे. ठाणे-कळवा-ऐरोली पट्ट्यात बावीस वर्षं माणसांना झोपवते आणि परत उठवते. त्यातली गेली बारा वर्षं वजनाची ऑपरेशनं करणाऱ्या टीमबरोबर काम करते. सर्जननी सहा आठवडे सांगितले की पेशंट तिथे मान डोलावतो आणि भूलपूर्व तपासणीला माझ्यासमोर बसला की हळूच विचारतो, "मॅडम, खरं सांगा, किती दिवसांत चालेल?" घासाघीस माझ्याच टेबलावर होते, म्हणून उत्तरही तिथूनच देते.

आधी मित्राचं बघू. त्याला काही झालं नाही, हे खरंच असेल. हेल्मेट न घालता घोडबंदर रोडनं रोज ये-जा करणारेही बहुतेक संध्याकाळी घरी पोहोचतात.

आता तुमच्या छातीत काय चाललंय ते बघा. भूल देताना मी आधी मास्कनं ऑक्सिजन देते, मग औषध देते. औषधानं तुमचा श्वास थांबतो आणि श्वासनलिकेत नळी जाईपर्यंत शरीर फुप्फुसातल्या साठ्यावर चालतं. सडपातळ निरोगी माणसाचा हा साठा सात-आठ मिनिटं पुरतो. तुमच्यासारख्या वजनाच्या माणसाचा दोन-तीन मिनिटांत संपत येतो, कारण आडवं झाल्यावर पोट खालून फुप्फुसांना दाबतं आणि साठवायला जागाच उरत नाही. त्यात तुम्हाला झोपेत श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे घसा आधीच अरुंद. अशा वेळी रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या काही जागा सिगरेटच्या कार्बन मोनॉक्साइडनं अडवून ठेवल्या असतील, तर त्या दोन-तीन मिनिटांनाही कात्री लागते. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. सुदैवानं तो लवकर निघूनही जातो. बारा ते चोवीस तास सिगरेट ओढली नाही की बराचसा उतरतो. तुमच्या मित्राला आठ दिवसांत हा फायदा नक्की मिळाला.

बाकीचे फायदे मात्र आठ दिवसांत मिळत नाहीत. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखे तंतू असतात. कफ आणि धूळ वर ढकलत राहणं हे त्यांचं काम. धुरानं ते सुस्तावतात आणि पुन्हा नीट हलायला लागायला काही आठवडे घेतात. म्हणूनच सिगरेट सोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे खोकला आणि कफ वाढल्यासारखा वाटतो. "सोडल्यावर जास्त त्रास व्हायला लागला, म्हणून परत चालू केली," असं सांगणारे माझ्याकडे दर महिन्याला येतात. तो त्रास म्हणजे साफसफाई चालू झाल्याची खूण. ती अर्ध्यावर सोडून ऑपरेशन टेबलावर आलात, तर कफ छातीत आणि पोटावर टाके, म्हणून जोरानं खोकताही येत नाही. न्यूमोनियाला याहून सोयीची परिस्थिती नाही.

मग जखम. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा थोडा जास्त भाग कापून बाहेर काढतात आणि उरलेल्या नळीला स्टेपलरनं लांबच लांब शिवण घालतात. ती शिवण भरून येण्यासाठी तिथे रक्त पोहोचायला हवं. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं. शिवणीतून गळती होणं शंभरात एक-दोघांच्याच वाट्याला येतं, पण ज्यांच्या वाट्याला येतं त्यांचे पुढचे कित्येक आठवडे आयसीयू, पोटातून बाहेर आलेल्या नळ्या आणि पुन्हा ऑपरेशन यांत जातात. सर्जनची झोप उडवणारी हीच गोष्ट. छातीत जळजळ फार असेल तर ऐन वेळी स्लीव्हऐवजी बायपासचा (हृदयाचा नव्हे, जठराचा) विचार होतो. बायपासमध्ये जठर आणि आतड्याचा जो नवा जोड करतात, तिथे अल्सर होण्याचं मोठं कारण सिगरेट हेच आहे. तो अल्सर ऑपरेशननंतर वर्षांनीही होतो, कधी फुटतोही. म्हणजे टाके सुकले की ओढायला मोकळे, असा हिशेब तिथे लागू पडत नाही. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका वजनामुळे आधीच असतो, सिगरेट त्यात भर घालते. तेवढ्यासाठीच त्याच संध्याकाळी तुम्हाला उठवून वॉर्डात चालवतात.

जखमेला चारेक आठवडे, छातीला त्याहून थोडे जास्त, असं धरून सर्जननी सहा आठवडे सांगितलेत. तो आकडा किमान आहे. काही टीम वर्षभर आधी सोडलेली असावी असा आग्रह धरतात, आणि माझं मत त्यांच्या बाजूचं आहे.

पूर्वी एक समज होता, आमच्यातल्या काही डॉक्टरांचाही होता, की ऑपरेशन जवळ आलं असताना सिगरेट सोडली तर उलट जास्त त्रास होतो, त्यापेक्षा सोडूच नये. तो समज अभ्यासांमध्ये टिकला नाही. म्हणजे काही कारणानं तुमच्या हातात दहाच दिवस उरले असतील तरी आज सोडा, आणि मला खरं सांगा. मी चिडणार नाही. फार तर तारीख पुढे ढकलू. हे ऑपरेशन अपेंडिक्ससारखं आज रात्रीच करायला हवं असं नसतं.

इथे थोडं विषयांतर करते. तुम्ही सिगरेटचं लिहिलंत, तंबाखूचं काही लिहिलं नाहीत. महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्यांपेक्षा तंबाखू खाणारे कितीतरी जास्त आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करणारे निघाले आणि २४.४ टक्के बिनधुराचा तंबाखू वापरणारे. एकदा कळव्याच्या एक मावशी तपासणीला आल्या होत्या. "बिडी-सिगरेट? छे हो डॉक्टर, आमच्या घराण्यात कुणी हात लावला नाही." अंगात निकोटीन गेलंय का ते सांगणारी कोटिनीनची तपासणी मात्र पॉझिटिव्ह. त्या रडायलाच लागल्या, लॅबनं नमुना बदलला म्हणाल्या. शेवटी सूनबाईंनी पिशवीतून मिश्रीची डबी काढून टेबलावर ठेवली. तीस वर्षं सकाळ-संध्याकाळ दातांना मिश्री, आणि ती तंबाखूत मोडते हे त्यांच्या गावीही नव्हतं. निकोटीन हिरड्यांतून जातं तसंच धुरातून जातं, शिवणीला दोन्ही सारखंच. मावा, गुटखा, चुना-तंबाखू, हुक्का, व्हेप, सगळं यात आलं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून आणि ई-सिगरेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे. पण मी विचारते ते पोलिसांसाठी नाही.

कोटिनीन म्हणजे निकोटीनचं शरीरात उरणारं रूप. निकोटीन दोनेक तासांत अर्धं होतं, कोटिनीनला साधारण सोळा ते वीस तास लागतात, म्हणून लघवीत ते बऱ्याचदा आठवडाभर सापडतं. श्वासातल्या कार्बन मोनॉक्साइडची तपासणी मात्र फक्त कालपर्यंतची गोष्ट सांगते. निकोटीनचा च्युइंगम किंवा पट्टी चालू असेल तर कोटिनीन पॉझिटिव्हच येणार, तेव्हा तपासणीआधी तसं सांगून ठेवा. नाहीतर प्रामाणिकपणे सोडलेला माणूस खोटा ठरतो आणि हिरमुसून परत टपरीवर जातो.

आता वजन. सिगरेट सोडल्यावर वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं, ही भीती खोटी नाही. भूक वाढते, तोंडाला चव येते, हाताला काहीतरी चाळा लागतो. पण दुसरी बाजू मांडून बघा. स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात मूळ वजनाचा साधारण चौथा हिस्सा किंवा थोडं जास्त उतरतं. तुमच्या बाबतीत ते ३३ ते ४० किलो झालं. शिवाय ऑपरेशनआधीचे दोन आठवडे यकृत आकसावं म्हणून तुम्हाला अगदी कमी कॅलरीचा आहार दिला जाईल, त्यातच काही किलो जातील. एवढं असूनही सिगरेट सोडून वाढणाऱ्या चार-पाच किलोंची काळजी वाटत असेल, तर ते भरून काढायचे कुठून? दारूतून. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या एका पेगात सुमारे १४० कॅलरी असतात. तीन पेग, पाच दिवस धरले तर आठवड्याला २,१००, चकणा वेगळा. शेंगदाणे आणि तळलेल्या पापडाचा हिशेब मी मुद्दाम करत नाही, तुमचा मूड जाईल.

सोडायची कशी? मनाचा निग्रह वगैरे ठीक आहे, पण औषधं असताना नुसत्या निग्रहावर विसंबू नका. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर निकोटीनच्या ४ मिलिग्रॅम च्युइंगमपासून सुरुवात करतात, नाहीतर २ मिलिग्रॅम. आपले लोक तो साध्या च्युइंगमसारखा चघळून रस गिळतात, मग जळजळ, उचक्या, आणि "मला सूट होत नाही" म्हणून टाकून देतात. तो दहा-बारा वेळा चावायचा, तोंडात झिणझिण्या आल्या की गालाच्या आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, झिणझिण्या गेल्या की परत चावायचा. चहा-कॉफी घेतल्यावर लगेच नाही, पंधरा मिनिटं थांबून, कारण आंबट तोंडात निकोटीन शोषलं जात नाही. कटिंग आणि च्युइंगम एकत्र म्हणजे पैसे वाया. ऑपरेशनच्या दिवसापर्यंत निकोटीन ठेवायचं की आधीच कमी करत बंद करायचं, हे सर्जनबरोबर ठरवा. प्रत्येक टीमचं मत वेगळं असतं. व्हॅरेनिक्लीन नावाची गोळीही असते. ती सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करून साधारण बारा आठवडे घेतात, त्यात निकोटीन नसतं. ब्युप्रोपिऑन ही आणखी एक, पण रोज पिणारा माणूस अचानक दारू बंद करत असेल तर ती द्यायची नसते, फिट येऊ शकते. म्हणून सिगरेटसाठी एका डॉक्टरकडे आणि दारूसाठी दुसऱ्याकडे गेलात, तर दोघांनाही दोन्ही गोष्टी सांगा. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८०० ११ २३५६.

एक लहानशी गोष्ट, फार थोडे सांगतात: सिगरेट बंद झाली की शरीर कॅफिन हळू जिरवायला लागतं. तेवढेच चहा पूर्वीपेक्षा जास्त चढतात, छातीत धडधड होते, झोप उडते, आणि माणूस त्याचा दोष सिगरेट सोडण्याला देतो. दिवसाचे सहा कटिंग असतील तर तीनवर या. आणि पहिले काही दिवस ऑफिसखालच्या टपरीवर चहाला जाऊच नका. तिथे चहा आणि सिगरेट एकमेकांना चिकटलेले असतात. तलफ आली की ती तीन-पाच मिनिटांत ओसरते. तेवढ्यात जिना उतरून चढून या. मजला कितवा ते विचारत नाही.

आता दारू. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य श्रावणाचं आहे.

श्रावणात महिनाभर थेंब नाही, हे ऐकून मला बरं वाटलं, पण तुम्हाला वाटतं त्या कारणासाठी नाही. रोज पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूच्या दडपणाखाली काम करायला शिकलेला असतो. दडपण अचानक काढलं की तो उसळतो. सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम, धडधड. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भास व्हायला लागतात, माणूस भ्रमिष्ट होतो, आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. पायाच्या फ्रॅक्चरसाठी दाखल झालेला एक माणूस मला आठवतो. बायकोसमोर म्हणाला, "कधीतरी, लग्नाकार्यात." तिसऱ्या रात्री सलाइन ओढून काढून, प्लास्टर घातलेल्या पायानं पलंगावरून उतरायला लागला. भिंतीवर मुंग्या दिसत होत्या त्याला. वजनाच्या ऑपरेशननंतर असं झालं तर ती ताजी शिवण आणि तो झटापट करणारा १३२ किलोचा माणूस, यांची कल्पना मला करायची नाही.

म्हणून मी पहिल्यांदा विचारते: गेल्या श्रावणात पहिले तीन दिवस कसे गेले? हात थरथरले? रात्री घामानं उशी भिजली? झोप लागली? काहीच झालं नसेल तर तुम्ही घरी, सर्जनला सांगून, दारू थेट बंद करू शकता. पण "पहिले दोन दिवस जरा कसंतरीच व्हायचं" असं उत्तर असेल, किंवा गेल्या श्रावणापेक्षा आता रोजचं प्रमाण वाढलं असेल, तर स्वतःच्या मनानं एकदम बंद करायची नाही. मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं. ते काही दिवस कमी कमी होत जाणारी गोळी देतील, बी१ जीवनसत्त्व देतील, गरज वाटली तर दाखल करतील. हे दोन्ही बाजूंनी कळायला हवं: सिगरेट आज या क्षणी सोडली तरी जीव जात नाही, दारूचं मात्र तसं नसतं.

आता श्रावणाची दुसरी बाजू. गटारीला काय होतं ते ठाण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. येऊरच्या वाटेवरच्या गाड्या मोजाव्यात. महिनाभर बंद राहणार म्हणून त्या रात्री दीड महिन्याची पिऊन घेतली जाते. मग श्रावण. काही घरांत तो गणपतीपर्यंत, काही घरांत अनंत चतुर्दशीपर्यंत लांबवतात. तिथींनी मोजलं तर चव्वेचाळीस दिवस होतात. सर्जनच्या सहा आठवड्यांपेक्षा दोन दिवस जास्तच! म्हणजे सहा आठवडे न पिणं आपल्याला येतं, पिढ्यान् पिढ्या येतं. आपल्याला सवय नाही ती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाची. श्रावण पाळणारा माणूस दारू सोडत नाही, तो परतीच्या तारखेची वाट बघतो. तुमचा शेवटचा प्रश्न, "महिन्याभरानं थोडी-थोडी", हा त्याच कॅलेंडरमधून आलेला आहे. पण यावेळी श्रावण संपल्यावर तुम्ही जिथे परत जाणार, ते पोट तुमचं जुनं पोट नसेल.

जठराच्या अस्तरात दारू मोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. प्यायलेल्या दारूतला थोडा भाग तिथेच निकाली निघतो आणि बाकीची हळूहळू आतड्यात उतरते. तुमचं बहुतेक जठर कापून टाकल्यावर हे विकरही कमी आणि थांबायला जागाही नाही. दारू थेट आतड्यात, तिथून रक्तात. बायपास झालेल्यांमध्ये तर दहाएक मिनिटांत रक्तातली पातळी शिखरावर जाते आणि ते शिखर पूर्वीपेक्षा जवळपास दुप्पट उंच असतं. स्लीव्हमध्येही पातळी चढण्याचा वेग वाढतो. पूर्वी तीन पेगनंतर जे व्हायचं ते एकात होतं. कायद्यानं गाडी चालवताना १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. तीन हात नाक्याच्या नाकाबंदीत "साहेब, एकच घेतला" हे तुम्ही खरं सांगत असाल आणि मशीन भलतंच दाखवेल. त्यात तुम्ही मधुमेही. ऑपरेशननंतर जेवण चार घासांचं, आणि दारू यकृताला साखर तयार करू देत नाही, म्हणजे साखर एकदम खाली. लोकांना वाटतं माणूस चढल्यानं बरळतोय, आणि त्याची साखर ४० पर्यंत घसरलेली असते. बिअर तर त्या बारीक नळीत गॅस भरते, ती वेगळीच गंमत.

आणखी एक. अमेरिकेत वजनाचं ऑपरेशन झालेल्या सुमारे दोन हजार जणांचा पाठपुरावा करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ऑपरेशनआधीच्या वर्षात ७.६ टक्के लोकांना दारूचा विकार होता. पहिल्या वर्षी तो वाढला नाही. दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झाला. पहिल्या वर्षी माणूस वजन उतरण्याच्या आनंदात असतो, डाएटिशियनचे फोन येत असतात, शर्ट सैल होत असतात. दुसऱ्या वर्षी टाळ्या थांबतात. पूर्वी कंटाळा आला की वडापाव होता, आता तो पोटात मावत नाही, पण दारू मावते. ती पातळ असते, तिला जागा लागत नाही. कोणाला धोका जास्त निघाला? पुरुषांना, तरुणांना, आधीपासून नियमित पिणाऱ्यांना, सिगरेट ओढणाऱ्यांना, बायपास झालेल्यांना. बायपासचं सोडलं तर बाकी यादी तुमच्या जवळ जाते. आणि एक गट मला फार लक्षात राहिला: ज्यांना आपली माणसं म्हणून फार कुणी आहेत असं वाटत नव्हतं, त्यांनाही धोका जास्त होता.

म्हणून मी "बसणं" बंद करा असं सांगत नाही. शुक्रवारी मित्रांमध्ये बसण्यातून तुम्हाला जे मिळतं ते सगळं ग्लासातून येत नाही. ते मित्र गेले तर तुम्ही घरी एकटे बसाल आणि एकट्यानं पिणं जास्त वाईट. पण जागा बदला. पहिले दोन महिने बार नको, ढाबा नको, येऊरचा बंगला नको. उपवनला किंवा तलावपाळीला फेरी मारायला बोलवा, दोघं-तिघं येतील. जे येणार नाहीत ते ग्लासासाठीच येत होते, एवढं कळेल. मित्रांना कारण खरं सांगा: "ऑपरेशन आहे, भूल देणाऱ्या बाईंनी बंद केलीय." माझ्या नावावर ढकला, मला चालतं. वाइन शॉपवाल्यापेक्षा माझं नाव आधीच जास्त खराब आहे.

ऑपरेशनआधी दारू कशासाठी नको, हे थोडक्यात: तुमच्या यकृतात चरबी असणारच. त्याचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो, सर्जनला तो बाजूला धरूनच काम करावं लागतं. त्यासाठीच तो दोन आठवड्यांचा आहार, आणि दारू त्या आहारावर पाणी फिरवते. रात्री दारू घसा सैल करते, सीपॅप लावूनही श्वास जास्त अडकतो. आणि बी१ जीवनसत्त्व. पिणाऱ्यांमध्ये ते आधीच कमी असतं, शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांचाच, आणि ऑपरेशननंतर उलट्या होत राहिल्या तर तो संपतो. मग माणसाला दोन-दोन दिसायला लागतं, चालताना तोल जातो, बोलण्यात गोंधळ होतो. घरच्यांनी हे लक्षात ठेवा. असं दिसलं तर आहात तिथून तडक हॉस्पिटल गाठा आणि ऑपरेशनचं आवर्जून सांगा, कारण अशा वेळी ग्लुकोजची बाटली लावण्याआधी बी१ चं इंजेक्शन द्यायचं असतं.

तर महिन्याभरानं? नाही. सहा महिने ते वर्षभर तर कुठलीच टीम हो म्हणणार नाही. त्यानंतर वर्षातून एखाद्या वेळी, जेवणाबरोबर, गाडी न चालवता, असं कुणी सांगतील. आठवड्यातून पाच दिवस पिणाऱ्या माणसाला मी तेही सांगत नाही. तुम्हाला कायमची बंद, असंच माझं उत्तर. कठोर वाटत असेल तर ऑपरेशनचा निर्णय थोडा पुढे ढकला, त्यात कमीपणा नाही. वजन कमी करायचे दुसरेही मार्ग आहेत, तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोला.

"म्हणजे मी व्यसनी आहे का?" या शब्दावर भांडण्यात आपण दोघंही वेळ घालवू नये. श्रावणाबाहेरच्या एका साध्या बुधवारी, कुठलाही उपास नाही, कुणी बघत नाही, तुम्ही न पिता झोपलात का? ते महिनाभर करून बघा. जमलं नाही तर मदत घ्या. ठाण्यात आयपीएच ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करते आहे, पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आपल्या भागात मराठीतूनही होतात, तिथे नाव-गाव विचारत नाहीत.

घसरलात तर? एक सिगरेट ओढली, एका लग्नात एक पेग झाला. त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा आणि सांगा. सगळं फुकट गेलं म्हणून उरलेलं पाकीट संपवायचं नाही. जे पेशंट मला फोन करून "मॅडम, काल झालं" म्हणाले, त्यांची ऑपरेशनं पुढे ढकलली आणि झाली. मला भीती न सांगणाऱ्यांची वाटते. आणि ऑपरेशनच्या आदल्या शनिवारची "शेवटची पार्टी" तर कृपा करून नकोच. तसा सुजलेल्या डोळ्यांनी दाखल झालेला माणूस मी त्याच सकाळी घरी परत पाठवलेला आहे.

तपासणीला एकटे येऊ नका, मिसेसना घेऊन या. पेगचं माप घरी घरचं असतं, म्हणून मला पेगमध्ये सांगू नका. खंबा आणला की किती दिवस जातो, ते सांगा. आणि गेल्या श्रावणाचे पहिले तीन दिवस आठवून या. बसल्या-बसल्या तेच विचारणार आहे.